शालेय बागेतील उड्या मारणारा कोळी

शाळेच्या भिंतीवर कोळी दिसला की मुले प्रथम चप्पल उगारतात. ही सवय केवळ उपदेशाने सुटत नाही. त्याच जिवाकडे नीट पाहण्याचे काम मुलांच्या हाती दिले, तर ती सुटू शकते. छायाचित्र घेणे हे असेच एक काम होय.

लोहा तालुक्यातील शाळांच्या बागेत पानांवर, कुंपणावर वा भिंतीवर शोधल्यास उड्या मारणारा कोळी सापडतो. त्याची लांबी बहुधा एक सेंटिमीटरहून कमी असते. भक्ष्य धरण्यासाठी तो जाळे विणीत नाही. मांजराप्रमाणे दबा धरून झडप घालतो. उडीपूर्वी तो आपला धागा पृष्ठभागास चिकटवितो. त्यामुळे नेम चुकला तरी तो धाग्यास लोंबकळतो. त्याच्या आठ डोळ्यांपैकी समोरचे दोन मोठे असून त्यांना बारकावे दिसतात. म्हणूनच माणूस जवळ येताच तो वळून पाहतो. माशा व लहान किडे हे त्याचे अन्न. तेव्हा तो शेतकऱ्याचाही साहाय्यकर्ता आहे.

छायाचित्रासाठी सकाळचे कोवळे ऊन उत्तम. शिक्षकांच्या साध्या मोबाईलवरही काम भागते. जमिनीलगत बसून, आपली सावली कोळ्यावर पडू न देता, हळूहळू पुढे सरकावे व पडद्यावर त्याच्या डोळ्यांच्या जागी बोट टेकवावे. एक चित्र वरून, एक समोरून व एक झाडासह घ्यावे. कोळ्यास हाताने पकडू नये. वहीत दिनांक, वेळ, जागा, झाड व कोळ्याची हालचाल नोंदवावी.

२०२१ साली ठाणे-कल्याण परिसरातील अशाच एका कोळ्याच्या नव्या जातीस संशोधकांनी ‘आयसियस तुकारामी’ हे नाव दिले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत दहशतवाद्यास धरून ठेवताना वीरमरण आलेले पोलीस सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांचे ते स्मरण होय. मात्र नवी जात ठरविण्यास छायाचित्र पुरत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली अवयव तपासावे लागतात. म्हणून मुलांनी जातीचे नाव अंदाजाने लिहू नये. ‘उड्या मारणारा कोळी’ एवढी नोंद पुरेशी आहे.

महिनाअखेर या नोंदी मुलांकडून वर्गात वाचून घ्याव्यात. आपणच टिपलेल्या जिवावर चप्पल उगारण्यापूर्वी मूल क्षणभर तरी थांबेल, आणि निरीक्षणाचा आरंभ तेथूनच होतो.