हनुवटीखालचं हृदय

अंडी हॅचरीतूनच आणावी लागतात. दुकानातली चालत नाहीत. कोंबड्याविना घातलेल्या त्या अंड्यांत वाढायला काही नसतंच. पुण्यातल्या एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत ती इन्क्युबेटरमध्ये आडवी मांडतात, 38 अंशांवर. शेजारी पाण्याची वाटी, हवा कोरडी पडू नये म्हणून. प्रत्येकाच्या वरच्या अंगाला पेन्सिलीची फुली. बलकाची भ्रूण असलेली बाजू हलकी, ती आपसूक फिरून वर येते आणि फुलीखालीच सापडते.

72 तासांचं अंडं कोमट मिठाच्या पाण्यात फोडायचं. बलक फुटला की खेळ आटोपला, सगळं पाणी पिवळं. शाबूत उतरला तर त्यावर रक्तवाहिन्यांचं जाळं पसरलेलं दिसतं आणि मधोमध एक लाल ठिपका लवलवत असतो. फिल्टर पेपरची, मध्ये भोक पाडलेली चकती त्यावर अलगद टेकवली की ती पडद्याला चिकटते. मग भोवतीनं कात्री फिरवून चकतीसकट भ्रूण वॉचग्लासमध्ये घ्यायचा. हात चालवावा लागतो, कारण पाणी निवलं की ठोके मंदावतात.

सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्यात आधी नजरेत भरतं ते डोकं. सेंटिमीटरभरही नसलेल्या या जिवात त्याचाच थाट. ते डाव्या कुशीवर वळलेलं असतं, म्हणून उजवा डोळा आपल्याकडे. त्यात भिंगाचा इवला गोल. मागे कानाची पुटकुळी. आणि या दोहोंच्या खालच्या बाजूला तिरक्या वळ्या, मधे खाचा. याच त्या फॅरिंजियल आर्च, घशाच्या कमानी. विद्यार्थी त्या मोजतात, वहीत काढतात आणि पुढच्या अंड्याकडे वळतात. मला मात्र तिथेच रेंगाळावंसं वाटतं, कारण कमानींना अगदी खेटून, हनुवटी जिथे यायची तिथे, हृदय धडधडत असतं. मधे मान नावाचा भागच नाही.

माणसाच्या गर्भातही चौथ्या आठवड्यात चित्र बरंचसं असंच. पहिल्या कमानीतून खालचा जबडा घडतो. पण तिच्याच कूर्चेच्या मागच्या टोकातून कानातली दोन चिमुकली हाडंही होतात. कार्ल रायखर्टनं 1837 मध्ये हा धागा दाखवून दिला. कोंबडीत तीच दोन हाडं जबड्याच्या सांध्यातच राहिली. आपण ज्यानं ऐकतो, त्यानं ती चोच उघडते. तिसऱ्या कमानीचं काम त्या मानानं किरकोळ, जिभेखालच्या हाडाचा खालचा भाग वगैरे. चौथी आणि सहावी मिळून स्वरयंत्राच्या कूर्चा घडवतात. पाचवी माणसात जवळपास उमटतच नाही.

मग मान येते कुठून? डोकं सरळ होत जातं, हृदय छातीत उतरतं, आणि दोघांमध्ये पडत गेलेल्या अंतरात मान लांबते. माझ्या मते गळ्याची शरीररचना पाठ करायला लावण्याआधी एवढं एक दाखवलं पाहिजे. मग श्वासपटलाची चेता मानेतल्या तिसऱ्या ते पाचव्या मणक्यांपाशी उगम पावून खाली छातीत का जाते, हे घोकावं लागत नाही: श्वासपटलाची सुरुवातच मानेच्या पातळीवर झालेली असते.

स्वरयंत्राच्या चेतेचं तर प्रवासवर्णनच होईल. तिला सहाव्या कमानीच्या धमनीखालून जायचं होतं, आणि तेव्हा ती वाट जवळचीच होती. मग हृदयाबरोबर धमन्या खाली सरकल्या आणि चेतेलाही ओढून घेऊन गेल्या. उजवीकडे त्या धमनीचा शेवटचा भाग विरतो, म्हणून तिथली चेता सुटून वर सरकते आणि हाताकडे जाणाऱ्या धमनीला वळसा घालून परतते. डावीकडे तशी सुटका नाही. ती छातीत महाधमनीच्या कमानीखाली वळून पुन्हा घशापर्यंत चढते. जिराफात हा हेलपाटा काही मीटरांचा होतो.

थायरॉइडची शस्त्रक्रिया करणारे सर्जन गाठीला हात लावण्याआधी ही चेता शोधतात. ती दुखावली की आवाज जातो. आणि कधी छातीतल्या महाधमनीला फुगवटा येतो, डावी चेता दाबली जाते, आवाज घोगरा होतो. तो रुग्ण घसा बसला म्हणून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे येतो, आणि डॉक्टर त्याला छातीचा सीटी स्कॅन काढायला पाठवतात.