खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय, भाग ६ : कोणाचे कोणाशी पटते

प्रवाळखडकावर राहणारे मासे दिवसभर एकमेकांवर धावून जात असतात. समुद्रात यातली बहुतेक भांडणे क्षणात मिटतात. हरलेला मासा दहा-वीस हात पुढे निघून जातो, जिंकलेला आपल्या कपारीकडे परततो. घरच्या काचपेटीत हरलेल्याला जायला जागाच नसते. जिंकणाऱ्याच्या लेखी शत्रू अजून हद्दीतच असतो, त्यामुळे हल्ले थांबत नाहीत. दुकानातल्या टाकीत गुण्यागोविंदाने राहिलेले मासे घरी आल्यावर आठवडाभरात एकमेकांच्या जिवावर उठतात, त्याचे कारण हेच. दुकानात गर्दी इतकी आणि मुक्काम इतका थोडा असतो की कोणालाच हद्द आखता येत नाही. म्हणून मासा ‘शांत’ की ‘भांडखोर’, हा दुकानातला शिक्का फारसा कामाचा नाही. तो कोणाला भक्ष्य समजेल आणि कोणाला प्रतिस्पर्धी, हे पाहावे लागते.

भक्ष्याचा प्रश्न सोपा आहे. ज्याच्या तोंडात जो मावतो तो आज ना उद्या खाल्ला जातो. लायनफिश दिसायला संथ आणि डौलदार असतो. पिसाऱ्यासारखे पर पसरून तो छोट्या माशाला कोपऱ्यात नेतो आणि एका घोटात गिळतो. स्वतःच्या निम्म्या लांबीचा मासाही त्याच्या पोटात सहज जातो. गोबऱ्याच्या जातीचे मासे, म्हणजे ग्रूपर, याच पंथाचे. अशा माशांबरोबर क्लाउनफिश किंवा गोबी ठेवणे म्हणजे महागडे खाद्य घालणे होय. लायनफिश पाळायचाच असेल तर त्याच्या तोंडात न मावणारे सोबती निवडावेत आणि टाकी स्वच्छ करताना त्याच्या पाठीवरच्या विषारी काट्यांचे भान ठेवावे. ट्रिगरफिशचे तोंड लहान, पण दात भक्कम असतात. तो मासे गिळत नसला तरी खेकडे, कोळंबी आणि शंख फोडून खातो. त्याच्या टाकीत कोळंबी टिकण्याची आशा धरू नये.

प्रतिस्पर्धी ओळखण्याचे काम याहून गुंतागुंतीचे आहे. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी १९६३ साली आक्रमकतेवरचे आपले गाजलेले पुस्तक लिहिले, त्याची सुरुवातच प्रवाळखडकावरच्या माशांपासून होते. भडक रंगांचे हे मासे परक्या जातींकडे काणाडोळा करतात आणि स्वतःच्या जातीच्या माशावर मात्र तुटून पडतात, असे त्यांना दिसले. रंग हा जणू हद्दीवर लावलेला फलक आहे, अशी त्यांची मांडणी होती. ती सगळ्या जातींना सारखी लागू पडत नाही, हे पुढे स्पष्ट झाले. तरी काचपेटीपुरता तिचा गाभा खरा ठरतो. आपल्यासारखा दिसणारा, आपल्यासारखा पोहणारा, आपलेच अन्न खाणारा मासा हाच पहिला शत्रू.

याचा सर्वांत बोलका दाखला म्हणजे रॉयल ग्रामा आणि रॉयल डॉटीबॅक. दोघेही बोटभर लांबीचे, दोघांचाही पुढचा अर्धा भाग जांभळा आणि मागचा पिवळा, दोघेही कपारीत राहणारे. ग्रामा कॅरिबियन समुद्रातला, डॉटीबॅक पश्चिम प्रशांत महासागरातला. निसर्गात यांची गाठ पडणे अशक्य. एका टाकीत सोडले की मात्र ते जन्मोजन्मीचे वैरी असल्यासारखे भांडतात आणि बहुधा ग्रामा मरतो. नवखा खरेदीदार या दोघांत हटकून गफलत करतो. ग्रामाच्या पाठीच्या परावर पुढच्या बाजूला काळा ठिपका असतो आणि त्याचा जांभळा रंग पिवळ्यात हळूहळू मिसळतो. डॉटीबॅकमध्ये तो रेघ मारल्यासारखा तुटतो. ग्रामा तुलनेने सोशिक, डॉटीबॅक आकाराच्या मानाने फारच दांडगा. नेमके हेच दुकानदार सांगत नाही.

टँग कुळातही हाच नियम चालतो. या माशांच्या शेपटीच्या बुंध्याशी दोन्ही बाजूंना धारदार काटा असतो. सर्जनफिश हे त्यांचे दुसरे नाव त्यावरूनच पडले. भांडताना टँग तोंडाने चावण्यापेक्षा अंग आडवे करून प्रतिस्पर्ध्याच्या बाजूला येतो आणि शेपटीचा फटकारा मारतो. जखम खोल होते. पिवळा टँग आणि त्याच्याच पसरट, उंच परांच्या घडणीचा जांभळा टँग एकत्र ठेवले तर बहुतेकदा रक्तपात होतो. पिवळ्याबरोबर लांबट अंगाचा निळा टँग पुष्कळदा निभावतो. पण निळ्या टँगची लांबी ३० सेंटिमीटरपर्यंत जाते, त्याला पोहायला लांब पल्ला लागतो. तीन फुटांच्या टाकीत कोणताच टँग ठेवू नये. एम्परर अँजलफिशचीही हीच अडचण. पाच सेंटिमीटरचे, गडद निळ्या अंगावर पांढरी वर्तुळे असलेले पिल्लू मोह घालते; मोठेपणी त्याच्या अंगावर पिवळे-निळे पट्टे येतात आणि ते हातभर होते.

डॅमसेल माशांचे प्रकरण वेगळे सांगायला हवे, कारण पहिल्या टाकीचा विचका बहुतेक वेळा त्यांच्यामुळे होतो. स्वस्त, चकचकीत निळे आणि चिवट असे हे मासे नव्या टाकीतला अमोनियाही सोसतात. त्यामुळे टाकी ‘मुरवायला’, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू तिच्यात वाढवायला, आधी डॅमसेल सोडण्याची जुनी पद्धत होती. टाकी मुरते, पण तोवर सगळे दगड डॅमसेलच्या मालकीचे झालेले असतात आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाची शेपटी कुरतडली जाते. टाकी माशांशिवायही मुरवता येते. अमोनियाचे द्रावण किंवा सोललेल्या कोळंबीचा तुकडा पुरतो. मालवणच्या खडकाळ किनाऱ्याजवळ पाण्यात डोके घातले की काळ्या उभ्या पट्ट्यांचे जे सार्जंट मेजर मासे घोळक्याने दिसतात, तेही याच कुळातले. वीतभर वाढणारा हा मासा लहान टाकीत कोणालाच सुखाने राहू देत नाही.

विशेष म्हणजे सर्वांचा लाडका क्लाउनफिशही डॅमसेलचाच भाऊबंद. तरीही पहिल्या टाकीसाठी त्याच्याइतका योग्य मासा नाही, कारण त्याची हद्द छोटी असते आणि तिची रचना आधी समजून घेता येते. समुद्रफुलावर राहणाऱ्या या माशांच्या कुटुंबात सर्वांत मोठी ती मादी, तिच्या खालोखालचा तो नर आणि बाकीचे सगळे लहान, प्रजननाबाहेरचे. मादी मेली की नर मादी होतो आणि पुढचा मासा नराच्या जागी येतो. हे लिंगबदलाचे चक्र १९७७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले गेले. मादीतून पुन्हा नर होता येत नाही, आणि खरेदी करणाऱ्याने लक्षात ठेवायची गोष्ट हीच. दोन मोठे, एकाच मापाचे क्लाउनफिश घेतले तर त्या दोन माद्या असू शकतात. त्यांच्यात समेट होत नाही. लहान वयाची दोन पिल्ले, एक थोडे मोठे आणि एक थोडे लहान, अशी घ्यावीत. मोठ्यासमोर लहान मासा अंग तिरपे करून थरथरतो. ही शरणागती होय, तिला आजार समजू नये. दोनच ठेवावेत, तिसरा आणू नये. दोन वेगळ्या जातींचे क्लाउनफिशही एकत्र ठेवू नयेत. मरून क्लाउन हा प्रकार टाळलेलाच बरा. समुद्रफूल नसले तरी या माशांचे काही अडत नाही. भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे. हॅचरीतले पिल्लू समुद्रातून पकडलेल्यापेक्षा कधीही बरे, कारण ते कोरडे खाद्य खाते आणि टाकीला सरावलेले असते.

काही मासे कोणाशी भांडत नाहीत, तरी सोबतीला चालत नाहीत. मँडरिन मासा दगडांवरचे सूक्ष्म जीव दिवसभर टिपत फिरतो. नव्या टाकीत तो काही आठवड्यांत उपाशी मरतो, आणि त्याच जिवांवर जगणारा सिक्सलाइन रास सोबत असेल तर आणखी लवकर. इतर माशांच्या अंगावरचे परजीवी खाणारा क्लीनर रासही घरी क्वचितच तग धरतो. समुद्रघोडा इतका संथ खातो की चपळ सोबत्यांपुढे त्याच्या वाट्याला काही उरत नाही. भारतात तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने हा प्रश्नच निकालात निघतो. समुद्रातून काढलेल्या कठीण प्रवाळांनाही तेच संरक्षण आहे.

तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत हिशेबाने सुमारे १९० लिटर पाणी मावते. वाळू, दगड आणि वरची रिकामी जागा वजा जाता दीडशेच्या आसपास उरते. एवढ्यात पाच-सहा लहान मासे पुष्कळ झाले. त्यांनी पाण्याचे वेगवेगळे थर वापरावेत : मधल्या भागात क्लाउनची जोडी, कपारीत एक ग्रामा, दगडांवरचे शेवाळ खरवडणारा एक ब्लेनी, वाळूत एक गोबी. गोबीबरोबर पिस्तूल कोळंबी ठेवली तर पाहण्यासारखे काही मिळते. जवळजवळ आंधळी कोळंबी बीळ खणत वाळू बाहेर ढकलते, गोबी दाराशी पहारा देतो, आणि बाहेर असेपर्यंत कोळंबीची एक मिशी गोबीच्या अंगाला टेकलेली असते. गोबीने शेपटी हलवताच दोघेही आत. फायरफिशही या मेळात बसतो, पण तो घाबरला की उडी मारतो, म्हणून टाकीवर जाळी हवीच.

सोडण्याचा क्रम निवडीइतकाच महत्त्वाचा. सर्वांत भित्रा आधी, सर्वांत दांडगा शेवटी. वरच्या यादीत फायरफिश आणि गोबी पहिले, क्लाउन सर्वांत मागून. दोन माशांमध्ये निदान चार आठवड्यांचे अंतर असावे. तेवढा काळ नव्याला वेगळ्या टाकीत ठेवले म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोगही बाहेरच कळतो. तांब्याचे औषध त्याच वेगळ्या टाकीत द्यायचे, कारण मुख्य टाकीतली कोळंबी त्याने मरते. नंतर नव्या माशाला भोके पाडलेल्या पारदर्शक डबीत घालून ती मुख्य टाकीत टांगतात. जुना मासा डबीवर धडका देतो, कल्ले फुगवतो, आणि दोन-चार दिवसांत कंटाळतो. त्यानंतर दिवे मालवून, दोन-तीन दगडांच्या जागा बदलून नव्याला सोडावे. दगड हलले की जुन्या हद्दी पुसल्या जातात.

पहिल्या दिवशीची किरकोळ पळापळ मनावर घेऊ नये. काळजी करायची ती वेगळ्या लक्षणांची : मासा पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात किंवा हीटरच्या मागे उभा राहतो, श्वास भराभर घेतो, शेपटीची कड फाटलेली असते आणि खाद्य टाकले तरी बाहेर येत नाही. अशा वेळी बहुतेक जण मार खाणाऱ्याला बाहेर काढतात. तो बरा होऊन परत आला की पुन्हा तेच सुरू होते. काढायचे मारणाऱ्याला. दगडांतून जाळीने मासा पकडणे जवळपास अशक्य असते. प्लॅस्टिकच्या बाटलीचे तोंड कापून उलटे बसवायचे, आत खाद्य ठेवायचे आणि सकाळी, मासा भुकेला असताना, बाटली तळाशी टेकवायची. दांडगा मासा बहुधा सर्वांत आधी आत शिरतो. त्याला आठवडा-दोन आठवडे बाजूला ठेवून सर्वांत शेवटी परत सोडले, तर तो आता स्वतःच नवखा असतो. एवढे करूनही तो ऐकत नसेल, तर त्याला दुकानात परत देण्यावाचून इलाज नाही.