धुकं पिणारी झाडं

पावसाळ्यात महाबळेश्वरला धुक्यात झाडाखाली उभं राहिलं, की पाऊस नसतानाही अंगावर थेंब टपकतात. धुक्यातले अतिसूक्ष्म जलकण पानांवर आदळतात, एकमेकांत मिसळून जड होतात आणि गळतात.

येमेनच्या सोकोत्रा बेटावर एक झाड याच पाण्यावर तगतं. ‘ड्रॅगन्स ब्लड ट्री’ हे त्याचं नाव. खोडाला चीर दिली की रक्तासारखा लाल चीक येतो. आकार मात्र वाऱ्याने उलट्या झालेल्या छत्रीचा, आणि खरी करामत या आकारात आहे. कोकणात पाऊस आणणारेच नैर्ऋत्य मोसमी वारे सोकोत्राच्या डोंगरांवर धुकं आणतात. वर रोखलेली ताठ पानं ते अडवतात. पाणी पानाच्या बुडाकडे, तिथून फांदी-खोडावरून मुळांशी उतरतं. वरच्या दाट सावलीमुळे ते लवकर सुकतही नाही. म्हणूनच मोठ्या झाडाखाली रोपं जगण्याची शक्यता वाढते.

हे बेट कोट्यवधी वर्षांपूर्वी मुख्य भूमीपासून तुटलं. तिथल्या सुमारे 825 वनस्पतींपैकी 37 टक्के जगात इतरत्र कुठेच आढळत नाहीत. फुगीर बुंध्याचा, काकडीच्या कुळातला चक्क एक वृक्षही तिथे आहे! वेलींच्या या कुळात असं झाड दुसरं नाही.

चिंता वाटते ती छत्रीच्या झाडांची. कोवळी रोपं शेळ्या फस्त करतात आणि 2015च्या नोव्हेंबरमध्ये ‘चपला’ व ‘मेघ’ या लागोपाठच्या चक्रीवादळांनी कित्येक जुनी झाडं आडवी केली. नवं झाड मोठं व्हायला अनेक दशकं लागतात.