घरातील औषधे : जपणूक आणि नोंद

आपल्याकडे फवारणीचे तेही औषध आणि दवाखान्यातून आणलेले तेही औषधच. डहाणूच्या चिकूबागेत कळी पोखरणाऱ्या अळीसाठी आणलेली बाटली आणि आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या पुष्कळ घरांत एकाच फळीवर दिसतात. रात्री वीज गेली की हात चुकायला वेळ लागत नाही.

कीटकनाशक मूळ डब्यातच, कुलपात व राहत्या घराबाहेर ठेवावे. खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत ते कधीही ओतू नये. लेबलावरील खुणेत लाल रंग असल्यास ते अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, निळा व हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक, असा समज काहींचा आहे. तो खोटा आहे. चुकून पोटात गेल्यास उलटी करविण्याच्या भरीस न पडता १०८ क्रमांकास कळवावे आणि रुग्णासोबत तो डबाही दवाखान्यात न्यावा.

माणसांच्या गोळ्यांसाठी घट्ट झाकणाचा वेगळा डबा करावा. तो चुलीपासून दूर, मुलांचा हात पोहोचणार नाही असा ठेवावा. पावसाळ्यात किनारपट्टीची हवा दमट असते, म्हणून गोळ्या पट्टीतून आधीच काढून पुडीत बांधू नयेत. पट्टी कापताना नाव व मुदत छापलेला भाग शेवटपर्यंत राखावा. सुट्या गोळ्या मिळाल्यास पाकिटावर औषधाचे नाव, रुग्णाचे नाव व तारीख लिहून घ्यावी. वाचता येत नसेल तर सकाळच्या पाकिटावर सूर्य आणि रात्रीच्या पाकिटावर चंद्र काढावा. वारली घरांत भिंतीवर सूर्य-चंद्र रेखणारे हात असतातच. त्यांना हे शिकवावे लागत नाही! गोळी घेतली की लगेच दिनदर्शिकेवर खूण करावी. एक वेळ चुकली म्हणून पुढच्या वेळी दुप्पट गोळ्या घेऊ नयेत.

खरी अडचण भातझोडणीनंतर येते. तलासरीकडील कुटुंबे वीटभट्टीवर किंवा गुजरातेत कामाला निघतात. भांडीकुंडी सोबत जातात, केसपेपर मात्र घरी राहतो. साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधे, पुढे तीन. गोळ्यांची संख्या रुग्णाच्या वजनावर ठरते, तेव्हा एकाच्या गोळ्या दुसऱ्यास देऊ नयेत. लघवी तांबूस-नारिंगी होते, ती रिफाम्पिसिनमुळे. तेवढ्यासाठी गोळ्या थांबवू नयेत. मात्र डोळे पिवळे झाले किंवा उलट्या होऊ लागल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. महिन्या-दोन महिन्यांत बरे वाटू लागते आणि नेमक्या त्याच सुमारास बिऱ्हाड हलते. अर्धवट सोडलेला क्षय पुन्हा उलटतो, कधी औषधांना दाद देईनासा होतो.

म्हणून निघण्यापूर्वी आशा कार्यकर्तीला किंवा आरोग्य केंद्रात सांगावे. निक्षय क्रमांक कागदावर लिहून घ्यावा. त्यावरून दुसऱ्या राज्यातील सरकारी दवाखान्यातही उपचार पुढे चालू ठेवता येतो. केसपेपर, चालू पट्टी आणि सिकलसेल असल्यास त्याचे कार्ड एका प्लॅस्टिक पिशवीत घालून ती पिशवी रुग्णाच्या स्वतःच्या गाठोड्यात बांधावी. मुकादमाकडे किंवा टेंपोतील सामानात देऊ नये.