अधांतरी कमान

सपाट प्रदेशातील नदीवर पूल बांधताना पात्रात ठरावीक अंतरावर खांब उभारता येतात आणि काम पुरे होईपर्यंत त्याला खालून आधार देता येतो. जुन्या काळातील दगडी कमानी याच रीतीने उभ्या राहिल्या. आधी कमानीच्या आकाराचा लाकडी साचा उभारायचा, त्यावर घडीव दगड रचायचे आणि माथ्यावरील अखेरचा दगड बसला की साचा काढून घ्यायचा. त्या दगडापर्यंत सगळा भार साच्यावर असतो. पुढे कमान स्वतःला सावरते. खोल दरीवर पूल बांधणाऱ्या अभियंत्यापुढील मुख्य प्रश्न हाच असतो, की जेथे असा साचा उभारणे शक्यच नाही, तेथे अपुरी कमान कशाच्या आधारावर राहील?

जम्मू-काश्मीरमधील रियासी जिल्ह्यात बक्कल आणि कौरी या गावांच्या दरम्यान चिनाब नदी अशाच एका अरुंद, खोल दरीतून वाहते. उधमपूर–श्रीनगर–बारामुल्ला हा २७२ किलोमीटरचा लोहमार्ग नेताना ही दरी ओलांडणे भाग होते. त्यासाठी बांधलेला पूल १,३१५ मीटर लांब असून नदीपात्रापासून ३५९ मीटर उंचीवर आहे. त्याच्या मुख्य कमानीचा विस्तार ४६७ मीटर आहे. पुलाची उंची आयफेल मनोऱ्याहून अधिक आहे, असे वर्णन वारंवार केले जाते. ते खरेही आहे. पण मनोरा आपल्या पायावर सरळ उभा राहतो आणि प्रत्येक नवा मजला खालच्या मजल्यावर चढतो. येथे मात्र दोन कड्यांमधून पोलाद पुढे पुढे न्यायचे होते आणि खाली होती केवळ पोकळी.

कामाचा आरंभ पोलादाने झाला नाही, रस्त्यांनी झाला. सुरुवातीला त्या जागी घोडे आणि खेचरे यांच्याखेरीज दुसरे वाहन पोहोचत नव्हते. डोंगर कापून सुमारे २६ किलोमीटरचे रस्ते तयार झाले, तेव्हा कोठे यंत्रसामग्री वर गेली. पोलादी भाग जोडण्याच्या कार्यशाळाही तेथेच उभाराव्या लागल्या, कारण अजस्र तुळया डोंगरी वळणांवरून आणणे शक्य नव्हते.

त्याहून अवघड होता तो कातळ. उभी कमान आपला भार दोन्ही टोकांशी तिरक्या दिशेने डोंगरात ढकलते; म्हणजे डोंगर हाही पुलाचाच एक अवयव ठरतो. हा अवयव मात्र अभियंत्याला निवडून घेता येत नाही. चिनाबच्या काठचा खडक भेगाळलेला, थरांथरांत फुटलेला निघाला. मार्गाची आखणी आणि सुरक्षितता यांविषयी प्रश्न उपस्थित झाल्याने २००८ मध्ये काम थांबले आणि २०१० मध्ये पुन्हा सुरू झाले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापिका जी. माधवी लता यांनी उताराच्या स्थैर्याच्या प्रश्नावर सतरा वर्षे काम केले. एकदा आराखडा ठरवून त्याबरहुकूम खोदत जाणे येथे निरुपयोगी होते. खोदताना भेग वा पोकळी आढळली, की तेवढ्या भागाचा आराखडा बदलायचा, लांब पोलादी सळया खडकात खोल रोवायच्या, भेगांत सिमेंटचा पातळ राप दाबाने भरायचा आणि मगच पुढे जायचे, अशी पद्धत स्वीकारली गेली. हे काम पूल पाहणाऱ्याच्या नजरेस पडत नाही. कमान मात्र त्याच्याच बळावर उभी आहे.

पायाचा प्रश्न सुटल्यावर कमान दोन्ही काठांकडून एकाच वेळी पुढे सरकू लागली. पलीकडचा अर्धा भाग येऊन मिळेपर्यंत अर्धी कमान ही कमान नसतेच. ती एका टोकाशी रोवलेली, वाकलेली तुळई असते आणि तिचा ओढा दरीकडे असतो. म्हणून तिला काठावरील उंच खांबांशी पोलादी दोरांनी मागे ओढून धरले होते. दरीवर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत ९१५ मीटर अंतरात पोलादी दोर ताणून त्यांवर यारी बसवली होती; तिने एकेक भाग अधांतरी नेऊन जागेवर टेकवायचा आणि कामगारांनी तो जोडायचा, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. प्रत्येक नव्या भागाबरोबर वजन वाढे आणि दोरांतील ताण पुन्हा जुळवावा लागे. शिवाय पोलाद उन्हाने प्रसरण पावते. ४६७ मीटर लांबीच्या पोलादात तापमानाच्या अवघ्या दहा अंशांच्या फरकाने साडेपाच सेंटीमीटरांचा बदल होतो, मग माथ्याशी दोन टोके नेमकी भेटवण्यासाठी किती काटेकोर मोजमाप करावे लागले असेल! एप्रिल २०२१ मध्ये कमान जुळली. त्यानंतर दोर सोडता आले. पोलादी पेट्यांची बनलेली ही कमान आतून काँक्रीटने भरलेली आहे. त्यामुळे तिचे वजन आणि ताठरपणा वाढला व दरीतील वाऱ्याने होणारी थरथर कमी झाली. ताशी २६६ किलोमीटर वेगाचा वारा सोसेल, असा पुलाचा आराखडा आहे.

कमानीवरचा रुळांचा मार्ग यारीने मांडला नाही. तो काठावर जोडत जोडत यंत्रांनी दरीवर पुढे ढकलण्यात आला. बांधकामाची जबाबदारी असलेल्या कोकण रेल्वे महामंडळाला ही युक्ती नवी नव्हती. रत्नागिरीजवळ पानवल नदीच्या दरीवर सुमारे ६४ मीटर उंचीचा काँक्रीटचा पूल बांधताना भारतात ती प्रथम वापरली गेली होती. चिनाबवर मात्र मार्गाचा काही भाग वक्र असल्याने सरळ रेषेत ढकलून भागणारे नव्हते. ऑगस्ट २०२२ मध्ये दोन्ही बाजू मिळाल्या आणि ६ जून २०२५ रोजी पुलाचे उद्घाटन झाले.

याच लोहमार्गावर कटऱ्याजवळ अंजी नदीची खोल दरी आहे. तिच्यावरही आधी कमानीचाच विचार झाला होता. पण तेथील डोंगर कमानीचा रेटा सोसण्याजोगा ठरला नाही; तेव्हा तो बेत सोडून देण्यात आला. आज तेथे १९३ मीटर उंचीचा एकच स्तंभ उभा असून ९६ पोलादी केबल्सनी लोहमार्ग तोलून धरला आहे.