दंतविम्याची यादी आणि यादीबाहेरचे बिल

अमेरिकेतील दंतविम्याची कल्पना विमा कंपन्यांच्या दालनांत जन्मली नाही. पॅसिफिक किनाऱ्यावरील गोदी कामगारांनी आपल्या मुलांच्या दातांची निगा राखली जावी अशी मागणी केली, आणि १९५४ च्या सुमारास वॉशिंग्टन, ऑरेगॉन व कॅलिफोर्निया या राज्यांतील दंतवैद्यांनी तिच्यासाठी जी व्यवस्था उभारली, तिचाच पुढे देशभर विस्तार झाला. परंतु १९६५ साली वृद्धांसाठी मेडिकेअर योजना आली तेव्हा दातांचे नित्याचे उपचार तीतून वगळण्यात आले, आणि मुखातील बत्तीस दात उर्वरित देहापासून कायद्यानेच जणू विभक्त झाले, ते आजतागायत.

मोठ्या आपत्तीत हात देणारा तो विमा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. दंतविम्याचा व्यवहार नेमका उलटा आहे. तपासणी आणि साफसफाईचा संपूर्ण खर्च, दात भरण्याचा ऐंशी टक्के आणि कॅप किंवा ब्रिजसारख्या मोठ्या कामाचा जेमतेम निम्मा, अशी त्याची प्रचलित वाटणी असून, या सर्वांवर वर्षाला १००० ते १५०० डॉलरांच्या आसपासची कमाल मर्यादा असते. पन्नास वर्षांपूर्वीही मर्यादा साधारण याच घरात होती. याला विमा म्हणण्यापेक्षा ठरावीक रकमेपुरती सवलत म्हणणेच अधिक यथार्थ होईल.

खरी गुंतागुंत मात्र ‘नेटवर्क’ नामक यादीत, म्हणजे विमा कंपनीशी दरांचा करार केलेल्या दंतवैद्यांच्या यादीत आहे. पुण्यात ओळखीच्या दंतवैद्याकडे जाऊन तिथल्या तिथे रोखीने हिशेब चुकता करण्याची ज्यांना सवय, अशी मराठी कुटुंबे नोकरीनिमित्त न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात गेली, की स्वागतकक्षातील कारकुनाला सहजच विचारतात, ‘आमचा विमा तुम्ही घेता ना?’ आणि ‘हो, घेतो’ या उत्तरावर निःशंक होऊन खुर्चीत जाऊन बसतात. त्या ‘हो’चा अर्थ इतकाच, की आम्ही तुमच्या वतीने कंपनीकडे क्लेम पाठवू, करारातील दर आम्हांस बंधनकारक आहेत, अशी कबुली त्यात नाही.

ही तफावत केवढी पडते ते एका कॅपवरून पाहू. दवाखान्याचा दर १४०० डॉलर, कंपनीने मान्य केलेला दर ९०० आणि विम्याचा वाटा निम्मा, असे उदाहरणादाखल धरले, तर कंपनी दोन्ही परिस्थितींत ४५० डॉलरच देईल. पण वैद्य यादीत असल्यास वरचे ५०० डॉलर त्याला सोडून द्यावे लागतात आणि रुग्णाने ४५० भरले की हिशेब मिटतो, उलट तो यादीबाहेरचा असल्यास तेच ५०० डॉलर रुग्णाच्या नावे चढून बाकी ९५० निघते. २०२२ पासून अमलात आलेल्या, अकल्पित वैद्यकीय बिलांपासून संरक्षण देणाऱ्या संघराज्याच्या कायद्याचाही येथे आधार मिळत नाही, कारण स्वतंत्र दंतविमा त्याच्या कक्षेबाहेर ठेवला गेला आहे.

शिवाय यादीत नाव असते ते दवाखान्याच्या पाटीचे नव्हे. अमुक वैद्य, अमुक पत्त्यावर, अमुक योजनेसाठी, अशी ती नोंद असते. म्हणून मूळ वैद्य यादीत असूनही त्याच्याकडे नव्याने रुजू झालेला साहाय्यक वैद्य यादीबाहेर असू शकतो. एक कंपनी आपली यादी दुसरीला भाड्याने देते, त्यामुळे आपण कोणत्या योजनेत मोडतो याचा कधी कधी खुद्द वैद्यालाही पत्ता नसतो. आणि संकेतस्थळावरील यादी तर पुष्कळदा जुनी झालेली असते. सबब प्रश्न असा विचारावा: ‘हे डॉक्टर, या पत्त्यावर, माझ्या या योजनेच्या नेटवर्कमध्ये आज आहेत काय?’ तो दवाखान्याला विचारावा, कंपनीलाही विचारावा, आणि उत्तर शक्यतो लेखी घ्यावे.

बिल हाती आल्यावर दृष्टी जावी ती सांकेतिक क्रमांकांकडे. डी१११० म्हणजे प्रौढांची साधी साफसफाई. डी४३४१ म्हणजे हिरड्यांखालची खोल साफसफाई, आणि ती जबड्याच्या प्रत्येक चतुर्थांशाला स्वतंत्र आकारतात, त्यामुळे साध्या साफसफाईसाठी गेलेल्या गृहस्थाच्या बिलावर एकाखाली एक चार ओळी उमटू शकतात. अशा वेळी हिरड्यांच्या मोजमापाचा तक्ता मागण्यात कसलाही उद्धटपणा नाही. मोठ्या कामापूर्वी कंपनीकडून खर्चाचा पूर्वअंदाजही मागवता येतो. मात्र ती हमी नव्हे, हे त्याच कागदावर छापलेले असते.

कंपनीकडून नंतर येणाऱ्या खुलासापत्रावर ‘हे बिल नव्हे’ असे लिहिलेले असल्याने लोक ते बेलाशक बाजूला टाकतात, ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक होय. कारण मान्य दर कोणता, कंपनीने दिले किती आणि रुग्णाकडे निघते किती, याची रुजुवात घालायला तोच एक दस्तऐवज असतो. यादीतील वैद्याचे बिल त्यातील शेवटच्या आकड्याहून मोठे असेल, तर पैसे भरण्यापूर्वी दवाखान्याकडून लेखी खुलासा घ्यावा.

कंपनीने क्लेम नाकारला असेल तर तक्रार कोठे करावी हे योजनेच्या स्वरूपावर ठरते. विकत घेतलेल्या पॉलिसीसाठी राज्याचे विमाखाते आहे. पण विमा नोकरीतून मिळालेला असून मालक स्वतःच्या तिजोरीतून भरपाई देत असेल, तर १९७४ चा संघराज्याचा कायदा लागू होऊन प्रकरण केंद्रीय श्रमखात्याच्या अखत्यारीत जाते. या कायद्याखालील योजनांत नकार मिळाल्यापासून अपिलाला १८० दिवसांची मुदत असते, आणि नकाराचे कारण बहुधा त्याच खुलासापत्रात नमूद केलेले असते. तेव्हा ते पाकीट आल्या दिवशीच फोडावे.