मापालाही माप हवे

म्हापसा या गावाच्या नावाची एक व्युत्पत्ती नेहमी सांगितली जाते. ‘माप’ म्हणजे मोजण्याचे साधन आणि ‘सा’ म्हणजे भरणे. जिथे माप भरून माल दिला-घेतला जातो ते म्हापसा. भाषेच्या अभ्यासकांच्या कसोटीला ही व्युत्पत्ती कितपत उतरेल हा वेगळा प्रश्न. पण दर शुक्रवारी तिथे भरणारा बाजार पाहिला की ती पटल्यावाचून राहत नाही.

आपल्या सीमाभागातील वाचकांना हा बाजार परका नाही. पेडणे आणि डिचोली भागातल्या बायका सकाळीच टोपल्या घेऊन येतात. हरमलची मिरची, मयड्याची केळी, नारळ, सुकी मासळी, मातीची भांडी असा सगळा थाट मांडलेला असतो. बेळगाव भागातली भाजी चोर्ला घाट उतरून गोव्यात येते ती वेगळीच. कोंकणी, मराठी आणि कन्नड या तिन्ही भाषांत एकाच वेळी घासाघीस चाललेली असते. आपण ज्याला तागडी म्हणतो त्याला कन्नडमध्ये तक्कडी म्हणतात. वजन म्हणजे तूक आणि माप म्हणजे अळते. आपल्याकडच्या घराघरांत हे दोन्ही शब्दसंच सुखाने नांदतात.

आजी-आजोबांच्या काळी तर आणखी गंमत होती. मराठी खंडी वीस मणांची, कन्नड खंडुग वीस कोळगांचे आणि गोव्यातली भाताची खंडी वीस कुडवांची. वीस हा आकडा तिन्हीकडे सारखा. पण मण किती शेरांचा आणि कोळग केवढे, हे मात्र प्रांताप्रांताला बदलत असे. त्यामुळे परगावच्या व्यापाऱ्याशी व्यवहार करताना शेतकऱ्याला आधी माप कुणाचे हे ठरवावे लागे, आणि ते ठरवण्याचा अधिकार बहुतेक वेळा ज्याच्याकडे पैसा त्याच्याकडेच जाई. ‘मापात पाप’ ही म्हण उगाच जन्माला आलेली नाही.

स्वतंत्र भारताने १९५६ साली वजने-मापांचा कायदा केला आणि ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅमची दशमान पद्धत आणली. गोवा त्यावेळी पोर्तुगीज अमलाखाली होता. डिसेंबर १९६१ मध्ये तो मुक्त झाल्यावर तिथेही भारतीय कायदे लागू होत गेले. आज देशभर २००९ चा वैध मापन कायदा चालतो आणि तो १ एप्रिल २०११ पासून अमलात आहे. या कायद्याने बसवलेली व्यवस्था सामान्य माणसाने समजून घ्यावी अशी आहे. कारण कोणत्याही कामाची तपासणी कशी असावी, याचा तो एक चांगला धडा आहे.

बाजारातल्या एक किलोच्या वजनाचेच उदाहरण घेऊ. ते एक किलोच आहे हे कशावरून? निरीक्षकाकडच्या प्रमाण वजनाशी ते ताडून पाहिलेले असते. निरीक्षकाचे वजन त्याहून काटेकोर अशा दुय्यम प्रमाणाशी ताडलेले असते. ते दुय्यम प्रमाण केंद्राच्या प्रादेशिक संदर्भ प्रयोगशाळेत तपासले जाते. अशी एक प्रयोगशाळा आपल्या जवळच बेंगळुरूला आहे. आणि या सगळ्या साखळीचे वरचे टोक नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. पॅरिसजवळच्या सेव्र येथे ठेवलेल्या मूळ किलोची ५७ क्रमांकाची प्रत तिथे जपून ठेवलेली आहे. म्हणजे मिरचीवाल्या मावशीच्या तागडीतले वजन एका अखंड साखळीने थेट दिल्लीशी बांधलेले असते.

पण मग त्या मूळ किलोला कोण तपासणार? हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. प्लॅटिनम आणि इरिडियम या धातूंचा तो लहानसा दंडगोल १८८९ पासून साऱ्या जगाचा किलो होता. पुढे त्याच्या भावंडांशी, म्हणजे अधिकृत प्रतींशी, त्याची तुलना केली तेव्हा शंभर वर्षांत त्यांच्यात सुमारे पन्नास मायक्रोग्रॅमचा फरक पडल्याचे दिसले. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. किराणा दुकानात हा फरक कुणाच्या गावीही नसेल, पण शास्त्राला तो खपला नाही. अखेर २० मे २०१९ पासून किलोची व्याख्याच बदलली. आता ती धातूच्या गोळ्यावर अवलंबून नाही. प्लँकचा स्थिरांक या निसर्गातल्या न बदलणाऱ्या संख्येशी जोडलेली आहे. जगातल्या सर्वांत प्रतिष्ठित वजनालासुद्धा ‘तुझी तपासणी नको’ अशी सूट मिळाली नाही, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

या व्यवस्थेचे चार गुण मला विशेष वाटतात. पहिला, तपासणारा आणि तपासला जाणारा वेगवेगळे असतात. दुकानदार स्वतःच्या वजनाने स्वतःचा काटा तपासून दाखला घेऊ शकत नाही. दुसरा, तपासणी मुदतीने पुन्हापुन्हा होते. साधी वजने आणि दांडीची तागडी दर चोवीस महिन्यांनी तपासून घ्यावी लागते, तर इलेक्ट्रॉनिक काटा दर बारा महिन्यांनी. तिसरा, चूक किती चालेल हे आधीच ठरलेले असते. पेट्रोल पंपावर पाच लिटरच्या मापात पंचवीस मिलिलिटरपर्यंतचा फरक कायद्याला चालतो, त्यापुढे नाही. शंभर टक्के अचूकतेचा खोटा दावा करण्यापेक्षा किती फरक चालेल हे उघड सांगणे अधिक प्रामाणिकपणाचे आहे.

चौथा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो. तपासणीचा निकाल ज्याचे पैसे जाणार त्याच्या डोळ्यांसमोर असतो. काट्यावर शिक्का असतो आणि त्यावर साल व तिमाहीचे अक्षर असते; तपासणीचा दाखला दुकानात दिसेल असा लावणे बंधनकारक असते. गिऱ्हाईक अक्षरशत्रू असले तरी शेजारच्याला विचारून पाहू शकते. पेट्रोल पंपावर शंका आली तर पाच लिटरचे माप मागून स्वतःसमोर भरून घेता येते. बाजारात बसलेल्या बाईचा आणि घेणाऱ्याचा एकमेकांवरचा विश्वास त्या एवढ्याशा शिक्क्यावर उभा असतो.

हे चार गुण हाताशी ठेवून वजनाकाट्यापलीकडच्या व्यवहारांकडे पाहिले की बरेच काही उलगडते.

त्याच म्हापशाचे उदाहरण घ्या. म्हापसा अर्बन को-ऑपरेटिव्ह बँक म्हणजे उत्तर गोव्यातल्या अनेक कुटुंबांची बचत ठेवण्याची जागा. बँकांची तपासणी होत नाही असे नाही. लेखापरीक्षक हिशेब तपासतात, रिझर्व्ह बँकेचे अधिकारी पाहणी करतात. तरीही जुलै २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने या बँकेवर निर्बंध घातले तेव्हा ठेवीदारांना आपलेच पैसे हवे तेव्हा काढता येईनात. पुढे एप्रिल २०२० मध्ये बँकेचा परवानाच रद्द झाला. त्याच वर्षी ४ फेब्रुवारीपासून ठेवींवरच्या विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख झाली होती, हाच काय तो दिलासा. पण मधली जवळजवळ पाच वर्षे? कुणाच्या घरातले लग्न, कुणाचे आजारपण, कुणाचे शिक्षण त्या काळात अडले असेल, याची कल्पना सहकारी बँकांत ठेवी ठेवणाऱ्या आपल्या भागातल्या कुटुंबांना नव्याने करून द्यायला नको.

इथे उणीव चौथ्या गुणाची. बँकेची तब्येत कशी आहे हे तपासणाऱ्यांच्या कागदात असते, पण पासबुक घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसाला तो शिक्का दिसत नाही. त्याला कळते ते दार लागल्यावर. काही ठिकाणी पहिल्या गुणाचाही अभाव असतो. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे प्रकरण उघडकीस आले. एकवीस हजारांहून अधिक बनावट खाती दाखवून एका बड्या कर्जदाराची थकबाकी लपवल्याचा आरोप त्यात होता. तपासणीला लागणारी माहिती तपासला जाणाराच पुरवत असेल आणि ती बाहेरून कुणी ताडून पाहत नसेल, तर दुकानदाराने स्वतःच्याच वजनाने काटा तपासण्यासारखे ते झाले.

आता आम्हा शिक्षकांकडे येतो. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी ‘नॅक’ ही संस्था १९९४ साली बेंगळुरूला स्थापन झाली. बाहेरच्यांनी येऊन पाहावे, श्रेणी द्यावी, ती जाहीर व्हावी, हा हेतू उत्तमच. शिक्षकांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमांत गुणांची पद्धत आणली. शोधनिबंध लिहिला की इतके गुण, परिषदेला गेले की इतके गुण. बढतीसाठी ठराविक बेरीज हवी. परिणाम काय झाला? पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. शेवटी मे २०१८ मध्ये आयोगालाच आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकावी लागली.

वजनाचा धातू आणि माणूस यांत एक मोठा फरक आहे. किलोच्या वजनाला आपण तोलले जात आहोत हे ठाऊक नसते. माणसाला ते ठाऊक असते आणि तो त्याप्रमाणे वागू लागतो. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली अर्थव्यवहाराच्या संदर्भात हेच निरीक्षण मांडले होते. एखाद्या आकड्यावर सारी मदार ठेवली की तो आकडाच भरवशाचा राहत नाही. शिक्षकाला निबंध मोजले तर निबंध वाढतात, शिकवणे वाढेलच असे नाही. रुग्णालयाला खाटा मोजल्या तर खाटा वाढतात.

शिवाय तपासनीसही माणूसच असतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका विद्यापीठाला चांगली श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून ‘नॅक’च्या पाहणी पथकातल्या मंडळींना केंद्रीय अन्वेषण विभागाने अटक केली. न्यायालयात काय ठरायचे ते ठरेल. पण निरीक्षकाचे वजनही वेळोवेळी वरच्या प्रयोगशाळेत जाते, तशी मूल्यांकन करणाऱ्यांच्या तपासणीची पायरी आपण शिक्षणात अजून पुरेशी पक्की केलेली नाही, एवढे त्यातून दिसते.

म्हणून मूल्यांकन सोडून द्यावे काय? मुळीच नाही. तागडी खोटी निघाली म्हणून कुणी अंदाजाने माल देऊ लागत नाही, तागडी दुरुस्त करतो. माणसांच्या कामाला मात्र एकच तागडी पुरत नाही. निकालाच्या टक्केवारीबरोबर वर्गात बसून पाहणे हवे, जुन्या विद्यार्थ्यांना विचारणे हवे, आणि ज्यांच्यासाठी हे सारे चालते त्या पालकांना समजेल अशा भाषेत निष्कर्ष सांगणे हवे. आपल्या भागात ही भाषा मराठीही हवी आणि कन्नडही. इंग्रजीतल्या अहवालाच्या जाड बाडात लपलेला शिक्का म्हणजे न दिसणारा शिक्का.

घरोघरी करता येतील अशा दोन-चार गोष्टी सांगतो. बाजारात इलेक्ट्रॉनिक काटा माल ठेवण्यापूर्वी शून्य दाखवतो ना, हे पाहा आणि शिक्क्यावरचे साल वाचा. घरच्या काट्याची शंका आली तर एक लिटर पाणी तोलून पाहा. भांड्याचे वजन वजा जाता ते किलोच्या अगदी जवळ भरले पाहिजे. छापील पुडक्याने काटा तपासू नका, कारण पुडक्यातही थोडी कमी-जास्त कायद्याला मान्य असते. ठेवी एकाच बँकेत पाच लाखांच्या वर साठवू नका आणि सभासद असाल तर वार्षिक अहवालातली थकबाकीची ओळ वाचून सभेत प्रश्न विचारा. मुलांची गुणपत्रिका हातात आली की शेजारच्या मुलाचे गुण विचारण्याआधी, गेल्या वर्षी न येणारे यंदा काय येऊ लागले, हे मुलालाच विचारा.

दुकानदाराला काटा दाखव म्हटले तर प्रामाणिक दुकानदार रागावत नाही, उलट तो काटा आपल्याकडे वळवून दाखवतो. बँकेने, महाविद्यालयाने आणि रुग्णालयानेही तसेच वळवून दाखवावे, एवढीच अपेक्षा आहे. ती विचारण्याचा हक्क म्हापशाच्या बाजारात मिरची घेणाऱ्या बाईला आहे, तसा आपल्यालाही आहे.